आमच्या बोलीचें हंसें



चित्रपटाचें परीक्षण करणाऱ्याला त्याचें शास्त्र ठाऊक असावें लागतें. प्रेक्षकाला मनापासून हंसतां आलें म्हणजे पुरतें. माझा अधिकार एवढाच. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरच्या मंडळींत बसून दूरचित्रवाणीवर जें लागेल तें पाहणारा, आणि अधूनमधून एकादा विनोदी बोलपट बघणारा मी एक प्रेक्षक आहें. परंतु हिंगोलींत बसून पाहणाऱ्याच्या कानाला एक गोष्ट खटकते, ती पुण्यामुंबईच्या परीक्षकांना सहसा खटकत नाहीं. आज तिच्याविषयींच बोलावयाचें आहे.

आमचा जिल्हा १९९९ सालीं परभणी जिल्ह्यांतून निराळा निघाला. तो मराठवाड्याच्या अगदीं कडेला आहे. पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड लागतें. येथला माणूस 'मी करीत आहें' असें म्हणत नाहीं, 'करायलो' म्हणतो. आतां विनोदी कार्यक्रमांत पुष्कळदा काय होतें, तर असें बोलणाऱ्या पात्रानें तोंड उघडतांच हंशा पिकतो. विनोद अजून व्हावयाचाच असतो! तें काय म्हणालें इकडे कोणाचें लक्ष नसतें. कसें म्हणालें, यावरच लोक हंसून मोकळे होतात. पुरुषाला लुगडें नेसवून रंगमंचावर आणण्याची युक्तीही याच जातीची. दोहोंनींही लेखकाची मेहनत वांचते. आमच्याकडचीं मुलें पुण्यास शिकावयास जातात, तीं थोड्याच दिवसांत 'करायलो' टाकून देतात आणि सुटींत घरीं आल्यावर आजीशीं बोलतांना अडखळतात. याचा सारा दोष दूरचित्रवाणीवर मी टाकीत नाहीं. पण ज्या बोलीवर लोक रोज रात्रीं हंसतात, ती वसतिगृहांत मोठ्यानें बोलावयास छाती लागते.

बोलींत विनोद करूंच नये, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. आमची बोली केवढा विनोद पेलूं शकते, हें लक्ष्मण देशपांडे यांनीं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगांत दाखवून दिलें. खेड्यांतलें वऱ्हाड विमानांत बसून लग्नासाठीं लंडनला जातें, आणि पन्नासाहून अधिक पात्रें एकच नट उभीं करतो. देशपांडे २००९ सालीं वारले. त्यांच्या प्रयोगाचें मुद्रण आजही ऐकावें. तेथें आपण उच्चारांना हंसत नाहीं. विमानांत बसलेल्या माणसांच्या भाबड्या तर्कशास्त्राला हंसतों, आणि तें तर्कशास्त्र त्यांच्याच बोलींत शोभतें. २००५ सालच्या 'कायद्याचं बोला' या बोलपटांतला मकरंद अनासपुरे यांचा वकील केशव कुंथलगिरीकर हा याच कुळांतला. मूळ कथा इंग्रजी बोलपटाची आहे, हें खरें. पण हा गांवाकडचा वकील आपली बोली न सोडतां शहरांतल्या न्यायालयांत उभा राहतो आणि खुनाच्या आरोपांत अडकलेल्या तरुणांना सोडवतो, तेव्हां हंसणारांची बाजूच बदलते. मला तो बोलपट कितीही वेळां पाहतां येतो. घरच्यांना येत नाहीं.

२०१४ सालीं सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमांत लुगड्यांचा सुकाळ होता. तरी भरत गणेशपुरे आपल्या वऱ्हाडींत जें थंडपणें बोलत, त्यांतला आशय हंसवीत असे. आणि अरविंद जगताप यांचीं पत्रें सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचीत, तेव्हां हंसणारें सभागृह गप्प होई. २०१८ पासूनच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्यें मला समीर चौघुले आवडतात. भांबावलेला, घाबरट माणूस ते केवळ डोळ्यांनीं आणि मानेनें उभा करतात. त्यासाठीं त्यांना कोणत्याही जिल्ह्याचे उच्चार उसने घ्यावे लागत नाहींत. परीक्षक किती हंसले हें मात्र वारंवार दाखविण्याचें कारण नाहीं. आम्ही कोठें हंसावें तें आम्हांस कळतें.

बोलपटांत २०२३ सालचा 'वाळवी' मला सर्वांत सरस वाटला. परेश मोकाशी यांनीं त्यांत नुसती परिस्थिति रचली आहे: एक खून योजलेला, आणि योजना पावलोपावलीं बिघडत जाणारी. २०२१ सालच्या 'झिम्मा'मध्यें मराठी बायकाच विलायतेच्या सहलीला निघतात. त्यांतली निर्मिती सावंत यांची निर्मला साधी आहे, मूर्ख नाहीं. हा भेद जपणारे लेखक थोडे.

पुण्याच्या मध्यमवर्गानें हा भेद पूर्वीं चांगला जपला होता. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव १९४० सालीं 'लग्न पहावें करून' या बोलपटांत आला. तो पुणेरी गृहस्थ पुणेरी भाषेंतच स्वतःची फजिती सांगतो. आमच्याकडे तर याहून जुना दाखला आहे. नरसीच्या नामदेवांना औंढ्याच्या देवळांत विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसतात, आणि 'पाय काढा' म्हणावें तर 'जेथें देव नसेल तेथें तूंच उचलून ठेव' असें उत्तर मिळतें, ही कथा येथें पोरासोरांना ठाऊक आहे. फजिती आमच्याच सर्वांत मोठ्या माणसाची, आणि सांगणारेही आम्हीच.

असा विनोद आमच्याकडे आटलेला नाहीं. हळदीच्या मोसमांत वसमतच्या बाजारांत तासभर उभें राहिलें तर हमाल, अडते आणि शेतकरी यांच्या बोलण्यांत एका बोलपटास पुरेल इतका माल कानीं पडतो. तो टिपून घेणारा लेखक मला अद्याप पडद्यावर भेटावयाचा आहे. असा कोणी आलाच, तर त्यानें वजनकांट्याशेजारीं उभें राहावें. तेथें सर्वांत जास्त बोलतात.