बांध फुटला तेव्हा कोण धावले?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ‘सामूहिक सुरक्षितता आणि राष्ट्रसंघ’ या विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचूनच काही मंडळी घरी राहिली असतील. त्यांना मी दोष देत नाही. ‘सामूहिक सुरक्षितता’ हा शब्द अग्रलेखात शोभणारा आहे. पण त्याचा अर्थ आपल्या खाजनातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. खाजनाचा बांध फुटला की तो कोणाच्या शेतापाशी फुटला, याची चौकशी करीत कोणी उभा राहत नाही. खाऱ्या पाण्याला हद्दी कळत नाहीत. आज एकाचे शेत बुडाले तर उद्या सगळ्यांची बुडणार, म्हणून सारा वाडा धावतो. राष्ट्राराष्ट्रांनी हाच रिवाज पाळावा, एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला मानावा, याचे नाव सामूहिक सुरक्षितता.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० साली जुना राष्ट्रसंघ, म्हणजे लीग ऑफ नेशन्स, याच वचनावर उभा राहिला. करार मोडून युद्ध पुकारणाऱ्याने सर्वच सभासदांविरुद्ध युद्ध पुकारले असे समजावे, असे त्याच्या घटनेच्या सोळाव्या कलमात स्पष्ट लिहिले होते. हिंदुस्थान तेव्हा गुलाम होता, तरी तोही मूळ सभासदांत होता. पोर्तुगालही होता. आणि १९२३ पासून आफ्रिकेतले अ‍ॅबिसिनिया, म्हणजेच आजचे इथिओपिया, हेही त्या पंगतीत बसले होते.

या वचनाची खरी परीक्षा अ‍ॅबिसिनियातच झाली. डिसेंबर १९३४ मध्ये वालवाल येथे सरहद्दीवर चकमक उडाली. मुसोलिनीला निमित्तच हवे होते. सम्राट हैले सेलासी याने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. जिनिव्हात कागद हलत राहिले आणि तिकडे इटलीची फौज बोटी भरभरून सुएझ कालव्यातून जात राहिली. पावसाळा सरला आणि ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीने हल्ला केला.

राष्ट्रसंघ गप्प बसला, असे मात्र कोणी म्हणू नये. चार दिवसांत त्याच्या मंडळाने इटलीला दोषी ठरवले. पाठोपाठ पन्नास राष्ट्रांनी तो निर्णय मान्य केला. १८ नोव्हेंबरपासून आर्थिक निर्बंध सुरू झाले. इटलीला शस्त्रे विकायची नाहीत, कर्ज द्यायचे नाही, तिचा माल घ्यायचा नाही. रबर आणि कथील द्यायचे नाही. घोडे, खेचरे, गाढवे आणि उंटसुद्धा द्यायचे नाहीत!

हसू नका. यादीत गाढव होते, पण तेल नव्हते. मुसोलिनीचे रणगाडे आणि विमाने ज्या तेलावर चालत होती, ते त्याला मिळत राहिले. सुएझ कालवाही उघडाच राहिला. तेल तोडले तर मुसोलिनी हिटलरच्या कच्छपी लागेल, अशी ब्रिटन-फ्रान्सला भीती होती. अमेरिका तर राष्ट्रसंघाची सभासदच नव्हती. पुढे मुसोलिनीने स्वतःच हिटलरजवळ कबुली दिली की, तेल तोडले असते तर मला आठवड्याच्या आत माघार घ्यावी लागली असती. हिटलरच्या दुभाष्याने आपल्या आठवणींत हे नमूद करून ठेवले आहे.

याच डिसेंबरात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनी अ‍ॅबिसिनियाचा मोठा लचका इटलीला देण्याचा गुप्त बेत आखला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी तो फोडला. ब्रिटिश जनता खवळली आणि होर यांना राजीनामा द्यावा लागला. पण युद्ध थांबले नाही. १९२५ च्या जिनिव्हा कराराने विषारी वायूला बंदी होती, इटलीची त्यावर सही होती, तरी अनवाणी लढणाऱ्या माणसांवर तो वायू सोडला गेला. ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडले. ३० जूनला सम्राट स्वतः जिनिव्हात उभा राहिला, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारून त्याला बोलू देईना असे केले. तरी तो आपल्या अम्हारिक भाषेत बोललाच. ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या आणि जुलैत निर्बंध उठवले.

आता आपल्याला झोंबणारी एक गोष्ट सांगतो. हे निर्बंध ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते पोर्तुगालचे प्रतिनिधी व्हास्कोंसेलुस. दुसऱ्याचा देश बळकावणाऱ्याला काय शिक्षा द्यावी, याची चर्चा त्यांच्या अध्यक्षतेखाली चालली होती. आणि त्याच वेळी त्यांच्या सालाझार सरकारच्या राज्यात गोमंतकात साध्या सभेला आणि छापलेल्या ओळीला परवानगी लागत होती!

अ‍ॅबिसिनिया अखेर सुटले, पण कसे? १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात. शेजारच्या एरिट्रियात केरेनच्या उभ्या कड्यांवर हिंदी पलटणी लढल्या. त्यांत मराठा पलटणही होती. पन्नास राष्ट्रांनी तेलाचा नळ बंद केला नाही, त्याची भरपाई आपल्या गावागावांतल्या पोरांनी रक्ताने केली. आणि ती पोरे स्वतः परतंत्र देशातली होती!

हा धडा घेऊन १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. या खेपेस कागदावर दात बसवले. सुरक्षा समितीने आधी निर्बंध घालावे, न जमल्यास सैन्य वापरावे, असे सनदेत लिहिले. सभासदांनी करार करून आपले सैन्य तिच्या स्वाधीन ठेवावे, असे त्रेचाळिसावे कलम सांगते. असा एकही करार आजतागायत झालेला नाही. आणि पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार मिळाला. म्हणजे बांध बांधला, पण पाच जमीनदारांना सवलत दिली की, तुमच्यापैकी एकानेही मान हलवली तर फुटलेल्या जागी कोणी फावडे लावायचे नाही. १९५० च्या जूनमध्ये कोरियासाठी ठराव झाले, कारण चीनच्या जागेवरून रुसलेला रशिया त्या दिवसांत समितीत बसतच नव्हता. ऑगस्टमध्ये तो परतला आणि कुलूप पुन्हा लागले.

मित्रहो, हा नकाराधिकार आपल्या दारावरूनही गेला आहे. १८ डिसेंबर १९६१ च्या त्या बैठकीत पोर्तुगालची तक्रार सुरक्षा समितीपुढे आली. भारताने लढाई थांबवून सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. सात मते बाजूने, चार विरुद्ध. विरोधात सोव्हिएत रशिया होता, म्हणून ठराव पडला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती पत्करली. त्या रात्री नकाराधिकार आपल्याला गोड लागला, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण मग २५ फेब्रुवारी २०२२ चे काय? त्या दिवशी युक्रेनवरील हल्ल्याविरुद्धचा ठराव अकरा मते बाजूने असूनही एकट्या रशियाच्या हाताने पडला. भारत तटस्थ राहिला. दोन्ही प्रसंग एकच, असे मी म्हणत नाही. गोवा ही साडेचारशे वर्षांची वसाहत होती. युक्रेन हे राष्ट्रसंघाचे सभासद राष्ट्र. फरक मोठा आहे. पण तो फरक नकाराधिकाराला दिसत नाही. तो न्याय पाहत नाही, कोणाचा हात वर आहे एवढेच पाहतो. आज आपल्या बाजूने वर झालेला हात उद्या कोणाच्या गळ्याला लागेल, ते सांगता येत नाही.

तर मग या संस्था मोडीत काढाव्या काय? नाही. राष्ट्रसंघाने अ‍ॅबिसिनिया वाचवले नाही, पण चोराला चोर म्हणून ठेवले. अमेरिकेने आणि रशियाने इटलीचा तो कबजा कधीच मान्य केला नाही. १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने पोर्तुगालच्या अस्वयंशासित प्रदेशांची यादी केली, तीत गोव्याचे नाव घातले. ‘गोवा हा आमचा प्रांत’ हा सालाझारचा दावा तिथेच खोटा ठरला. २ मार्च २०२२ रोजी त्याच आमसभेत १४१ राष्ट्रांनी रशियाला माघारी जायला सांगितले. अशा नोंदीने रणगाडा थांबत नाही, हे खरे. पण नोंद नसेल तर पुढच्या पिढीला दावा लावायला कागदच उरत नाही.

म्हणून दुबळ्यांनी अशा संस्थांच्या पाया पडू नये आणि त्यांना शिव्याही देऊ नयेत. त्यांचा दप्तर म्हणून उपयोग करावा, आणि रखवालदार दुसरा शोधावा. तो रखवालदार म्हणजे लोकमत. होर यांना घरी बसवले ते कोणत्या कलमाने नव्हे, लोकांनी.

आणि शेवटचे आपल्यासाठी. बांध फुटला म्हणून हाक आली, की तो आपल्या शेतापासून किती लांब आहे हे मोजण्याचा मोह आपल्यालाही होतो. १९३५ साली पन्नास राष्ट्रांनी ते अंतर मोजले. चार वर्षांत पाणी त्यांच्याच घरांत शिरले.