ओला कचरा घरातच जिरवा



सैन्यातली नोकरी पूर्ण करून मी इंदूरला स्थायिक झालो, त्याला आता बरीच वर्षं झाली. ही मालिका बडोद्यापासून बेंगळुरूपर्यंत आणि दिल्लीपासून हैदराबादपर्यंत राहणारी मराठी माणसं पाहतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज मी अशा वस्तूबद्दल बोलणार आहे, जी तुम्हा सगळ्यांच्या घरात आहे. ती म्हणजे स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली.

प्रदूषण म्हटलं की डोळ्यांसमोर कारखान्याची चिमणी येते, ट्रकचा काळा धूर येतो. ते चूक नाही. त्याबद्दल सरकारला आणि कारखानदारांना जाब विचारलाच पाहिजे. पण एक धूर असा आहे, ज्याचं इंधन रोज सकाळी आपण स्वतः दाराबाहेर नेऊन ठेवतो. तो धूर कचरा डेपोचा.

मार्च 2023 मध्ये कोचीजवळ ब्रह्मपुरमच्या कचरा डेपोला आग लागली. ती विझायला जवळजवळ 12 दिवस लागले. अग्निशमन दलाच्या मदतीला नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याआधी जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनारचा डेपो पेटला, तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता.

कचऱ्याचा डोंगर पेटतो कसा? आपल्या घरच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, उरलेला भात. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून गेलं आणि ढिगाखाली दबलं, की त्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू तयार होतो. मिथेन पेट घेतो. वर प्लास्टिक, चिंध्या, थर्माकोल असतातच. मग जो धूर निघतो त्यात 2.5 मायक्रॉनपेक्षाही बारीक कण असतात. आपला केस त्याच्या वीसपटीहून जाड असतो. असे कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. शिवाय ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी नासवतं.

आता गंमत पाहा. भाजीची देठं वेगळी ठेवली, तर त्यांचं खत होतं. प्लास्टिक आणि कागद कोरडे राहिले, तर ते विकले जातात. दोन्ही एकत्र केले, की कशाचाच उपयोग उरत नाही. कचरा घरातच वेगळा करा, हे 2016 च्या घनकचरा नियमांनी देशभर सांगितलं होतं.

आमच्या इंदूरचंच उदाहरण घ्या. स्वच्छ सर्वेक्षणात 2016 साली हे शहर 25 व्या क्रमांकावर होतं, 2017 साली पहिलं आलं. घंटागाडीत वेगवेगळे कप्पे झाले आणि लोकांनी घरात वेगवेगळ्या बादल्या ठेवल्या. देवगुराडियाची सुमारे 100 एकर जमीन कचऱ्याच्या ढिगाखालून मोकळी झाली. तिथे 2022 पासून दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यातून गॅस तयार करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प उभा आहे. तोच मिथेन, पण बंद टाकीत धरलेला. त्यावर शहराच्या बस चालतात.

माझी मेहुणी दुसऱ्या शहरात राहते. ती म्हणाली, "भावोजी, तुमचं इंदूर वेगळं. इथे मी कचरा वेगळा करते आणि गाडीवाला माझ्यादेखत दोन्ही एकत्र ओततो. मग कशाला करायचं?"

हा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून उपयोग नाही. मी तिला सांगितलं, गाडीवाल्याच्या हाती ओला कचरा देऊच नकोस. जो घराबाहेर गेलाच नाही, तो कोणी मिसळणार कसा?

कृती सोपी आहे. झाकणाच्या दोन बादल्या घ्या. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या भुशाचा जाड थर द्या. त्यावर मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक. रोजचा ओला कचरा बारीक करून टाका आणि तितकीच वाळकी पानं वर पसरा. दर दोन-तीन दिवसांनी हलवा. वास आला, तर समजा ओल जास्त झाली, आणखी पानं घाला. हाडं, तेलकट रस्सा टाकू नका. एक बादली भरली की बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. साधारण दोन महिन्यांत पहिलीत मातीच्या वासाचं काळं खत तयार होतं. तुळशीला घाला, शेजाऱ्यांना द्या.

सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या. फुटलेली काचही तशीच. तो कचरा कोणीतरी हाताने निवडत असतं. पुण्यात कचरावेचक महिलांनी 'स्वच्छ' ही आपली सहकारी संस्था उभी केली. त्यांच्यासारख्या हजारो हातांना आपल्या बादलीतून जखम होता कामा नये.

आणखी एक. हिवाळ्यात सोसायटीचा रखवालदार पालापाचोळा आणि प्लास्टिक पेटवून शेकत बसतो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये देशभर बंदी घातली आणि त्यासाठी दंडही ठरवला. पण त्या माणसावर ओरडू नका. त्याला थंडी वाजते म्हणून तो जाळतो. आमच्या वसाहतीत आम्ही वर्गणी काढून त्याला जाड कोट आणि विजेचा हीटर दिला. शेकोटी बंद झाली, आणि पाचोळा आमच्या खताच्या बादल्यांना मिळाला.

फौजेत तळ हलवताना खड्डे बुजवायचे, कचरा आवरायचा आणि मगच निघायचं, अशी शिस्त असते. सियाचीनच्या बर्फात तर काही कुजतच नाही, तिथला कचरा खाली वाहून आणावा लागतो. तिथला जवान एवढं करतो, तर आपल्याला दोन बादल्या जड नाहीत.

मी आता कोणाला आदेश देऊ शकत नाही, विनंती करतो. फक्त 60 दिवस करून पाहा. मग तुमच्या जिन्यातल्या शेजारच्या घराला दाखवा. एकेक जिना तयार झाला, की नगरसेवकाकडे कप्प्यांची गाडी मागायला तुम्ही एकटे जाणार नाही.