देवघेवीच्या टेबलावरचा अर्धा तास



ग्रंथालयांचे अनुदान, दर्जाबदल आणि ग्रंथपालांच्या सेवाशर्ती यांवरचे ठराव या अधिवेशनाच्या दुपारच्या सत्रात येतील. त्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. मी मात्र माझा वेळ एका वेगळ्या विषयाला देणार आहे. रोज थोडेच, पण वर्षानुवर्षे न सोडता केलेले काम ग्रंथपालाला कुठवर नेते, हा तो विषय.

शंकर गणेश दाते यांचे नाव आपल्या व्यवसायात आदराने घेतले जाते. त्यांची सूची उघडून पाहणारे मात्र कमी होत चालले आहेत. 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची त्यांनी केलेली ‘मराठी ग्रंथसूची’ 1943 मध्ये प्रसिद्ध झाली. 1938 ते 1950 या पुढच्या काळाचा खंड यायला 1961 साल उजाडले. सूचीचे काम कसे असते, हे आपल्याला सांगायला नको. ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या; एवढे लिहिले की पुढचे पुस्तक. एका नोंदीला काही मिनिटे पुरतात आणि त्या नोंदीबद्दल कोणी पाठ थोपटत नाही. हजारो नोंदी मात्र झपाट्याच्या भरात होत नाहीत. त्या एकामागून एकच कराव्या लागतात. प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला देण्याचा कायदा 1954 मध्ये झाला आणि त्यानंतर, 1957-58 च्या सुमारास, भारताची राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. म्हणजे सरकारने हे काम हाती घेण्याच्या चौदा-पंधरा वर्षे आधी मराठीपाशी स्वतःची सूची होती. मला तो मराठीचा मोठा भाग्ययोग वाटतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांबद्दलही बोलले पाहिजे. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते. त्यांच्या अफाट परिश्रमांच्या कथा प्रशिक्षण वर्गांत सांगितल्या जातात. विद्यार्थ्यांपुढे तो आदर्श ठेवू नये, असे मला वाटते. घरसंसार सांभाळून नोकरी करणाऱ्या माणसाला तो झेपत नाही आणि मग सगळेच सुटते. घ्यायचे ते दुसरेच. पुस्तकांना वर्गांक देण्याच्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाची पहिली आवृत्ती 1933 ची, सहावी 1960 ची. सत्तावीस वर्षे ते आपल्याच कामाकडे पुन्हा पुन्हा वळले आणि ते दुरुस्त करत राहिले. आपण एकदा वर्गांक दिला की दाखल नोंदवही मिटतो.

आता आपल्या टेबलाकडे येतो. एखादी विद्यार्थिनी विचारते, “1972 च्या दुष्काळात आपल्या भागात काय झाले, यावर काही आहे का?” आपण संगणकात ‘दुष्काळ’ शब्द टाकतो, दोन पुस्तके निघतात, ती राज्यभराची माहिती देतात. गावाची माहिती मात्र कपाटातच असते: शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, एखाद्या जुन्या दिवाळी अंकातल्या आठवणीवजा लेखात. ती सापडत नाही, कारण अख्ख्या अंकाची आपल्याकडे एकच नोंद असते. 1909 मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीचे केवढे तरी चांगले लेखन या अंकांत आले. आपण ते सभासदांना वाचायला देतो, वर्षभराने गठ्ठा बांधतो आणि माळ्यावर टाकतो. पुढे ते वाळवी खाते, नाहीतर रद्दीवाला नेतो.

माझी सूचना एवढीच आहे. रोज पाच लेख. जुना अंक किंवा स्मरणिका उघडायची आणि पाच लेखांची नोंद करायची: लेखक, शीर्षक, विषय, त्यात आलेली गावे. कार्डावर करा, वहीत करा, कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर थेट त्यात करा. वर्षात कामाचे अडीचशे दिवस धरले, तरी साडेबाराशे नोंदी होतात; दहा वर्षांत साडेबारा हजार. तालुक्याच्या ग्रंथालयापाशी अशी सूची असेल, तर विद्यापीठातला संशोधकही तुमच्या दारात येईल. आणि ती करताना तुम्ही स्वतः किती वाचलेले असेल! कोणता लेखक कोणत्या विषयावर अधिकाराने लिहितो, कोणत्या तपशिलावर विश्वास ठेवू नये, ही जाण कोणत्याही पदविकेच्या अभ्यासक्रमात येत नाही. मुलाखतीत, बढतीच्या वेळी, उद्या स्वतः काही लिहायला बसाल तेव्हा, हीच पुंजी कामाला येते.

कार्यशाळांत सांगतात की एकवीस दिवसांत सवय लागते. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले आणि माणसामाणसांतला फरक 18 ते 254 दिवस इतका मोठा होता. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही. म्हणून तपासणीच्या आठवड्यात खंड पडला, तर वही बंद करू नका. त्या अभ्यासातल्या माणसांनी नवे काम रोजच्या ठरलेल्या एखाद्या प्रसंगाला जोडले होते. आपल्यासाठी तो प्रसंग म्हणजे सकाळची वर्तमानपत्रे मांडून झाल्यानंतरची वेळ. सभासद यायला अजून अवकाश असतो.

एक गोष्ट कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. सवयीने पगाराची उणीव भरून निघत नाही. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा होऊन इतकी वर्षे लोटली, तरी आपल्या अनेक सहकाऱ्यांचे मानधन पोटापुरते नाही. ‘आधी स्वतःची वाढ करा, मग मागणी करा’ असे कोणी म्हणत असेल, तर माझ्या भाषणाचा आधार त्याने घेऊ नये. ग्रंथपालाची कामावरची निष्ठा आणि त्याचा हक्क, दोन्ही मला सारखीच महत्त्वाची वाटतात.

म्हणूनच इथे बसलेल्या ग्रंथालयांच्या अध्यक्ष आणि कार्यवाहांना माझी विनंती आहे. आपल्या ग्रंथपालाच्या कामाच्या वेळेतला रोजचा अर्धा तास लेखसूचीसाठी राखून ठेवा, त्या वेळात त्याला बँकेत किंवा वर्गणी गोळा करायला पाठवू नका आणि कार्यकारी मंडळाच्या येत्या सभेतच तसा ठराव करून घ्या.