रागामागचें नांव

शाळेंतून आलेला चौदा वर्षांचा मुलगा दप्तर कोपऱ्यांत भिरकावतो, भरल्या ताटावरून उठतो आणि आईनें विचारतांच ‘कांहीं नाहीं!’ म्हणून खेंकसतो. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं हा प्रसंग घडला असेल. घरची मंडळी त्याला तापट ठरवून मोकळी होतात. वस्तुतः वर्गांत सर्वांदेखत गणिताचे गुण वाचले गेलेले असतात, आणि मुलाला वाटलेली असते ती लाज. राग हा तिचा बुरखा.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत ४९ भाव गणले आहेत. क्रोध त्यांतला एक. व्रीडा म्हणजे लाज, असूया, शंका, विषाद हे निराळे. नटाला जें शिकवावें लागतें, तें मुलाला मात्र उपजत यावें अशी मोठ्यांची अपेक्षा! अमेरिकेंत मॅथ्यू लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चित्रांतील क्रुद्ध वा भयभीत मुद्रेला साजेसा शब्द दोहोंतून निवडावयाचा होता. शब्द निवडतांना मेंदूंतील अमिग्डला या भागाची खळबळ मंदावलेली दिसली.

मात्र विचारण्याची वेळ साधावी लागते. राग चढलेला असतां उपदेश व्यर्थ. तेव्हां पाणी, मोकळी हवा, थोडें चालणें. रात्रीं अंथरुणें घालतांना ‘राग आला होता, कीं लाज वाटली?’ असे दोन शब्द पुढें ठेवावे. ‘काय झालें?’ या प्रश्नापुढें मुका होणारा मुलगा त्यांतला एक उचलतो. लाजेला सोबत हवी, भीतीला तयारी. झोंप नि अन्न कित्येक दिवस तुटलें, तर डॉक्टरच गांठावा. एरवीं बहुधा ‘लाज’ एवढा शब्द निघतो, आणि मागोमाग दप्तरांतून चुरगळलेली उत्तरपत्रिका.