मित्राची साक्ष

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे बोईसरला कारखाने वाढले, आणि मांगेले, भंडारी, वाडवळ, वारली यांच्या या मुलुखात प्रांतोप्रांतीची माणसे येऊन राहिली. एका पाळीत काम करणारे, एका गाडीने पालघरला जाणारे तरुण जात न विचारता मित्र होतात. मैत्रीची कसोटी पुढे लागते. त्यांतला एखादा परजातीत वा परधर्मात विवाह करू इच्छितो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटिशीनंतर तीस दिवस थांबावे लागते, आणि विवाहसमयी तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आईबाप येत नाहीत. सही मित्राने करावयाची असते. ती केली की गावकी त्याच्याही घराशी बोलेनाशी होते. दुसऱ्याची पोरे बिघडविणारा, अशी त्याची ख्याती होते ती वेगळीच.

अशा वेळी मित्राने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वी पुण्यास दिले गेले, आणि देणारा पुरुष थोर असल्यामुळे ते तपासून पाहणे अवश्य आहे.

१८९० च्या ऑक्टोबरात तेथील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे पती, यांनी ती नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करविली. ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्कार म्हणजे श्राद्धाला भटजी मिळेना, पंगतीला कोणी बसेना, लेकीला माहेरी पाठविण्यास सासरचे राजी होईनात. चहा पुरुषांनी घेतला, भोग बहुतेक बायकांच्या वाट्याला आले. त्या मंडळींत महादेव गोविंद रानडेही होते. ते करारी असते तर निभावून नेते. परंतु मित्रांच्या आग्रहाखातर १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. जे त्यांना पाप वाटतच नव्हते, त्याचे! सुधारकांनी त्यांना दोष दिला.

याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. आयुष्यभर मिळविलेला लौकिक मित्रांच्या घरच्या स्वास्थ्यासाठी खर्ची घालणे ही लहान निष्ठा नव्हे. पण हिशेब तेथे संपत नाही. रानड्यांनी मान तुकविल्यावर चहा पिणे हा अपराध असल्याचे जणू आरोपीनेच कबूल केले. ज्यांना असा वजनदार स्नेही नव्हता, त्यांचा नकार त्यामुळे अधिक एकाकी झाला. मित्र सुटले; मित्रांसारखे इतर जे होते ते उघडे पडले. त्यांच्या श्राद्धाला स्वतः पंगतीस बसणे, त्यांच्या लेकींचे माहेरपण आपल्या वाड्यात करणे, हा मार्गही रानड्यांना मोकळा होता. तो कष्टाचा व लांबचा होता, इतकेच.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व पुढल्या वर्षी तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद वा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. पण फिर्याद देणाऱ्याला रात्री त्याच आळीत परतावयाचे असते. म्हणून साक्षीच्या सहीवर काम भागत नाही. सही करणाऱ्याने पहिल्या दिवाळीला त्या नवदांपत्याकडे फराळाला जावे, जाताना आपल्या आईलाही बरोबर न्यावे. ती कदाचित नको म्हणेल. मग पाडव्याला पुन्हा विचारावे.