न बुडणारी बोट आणि तिची भोकं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवरच बजावलं होतं, "सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, आणि परदेशात आपली माणसं कशी मोठी झाली यावरही नको. काहीतरी हाताला लागेल असं सांग." म्हणून मी आज एका जुन्या, फायबरच्या मासेमारी बोटीबद्दल बोलणार आहे. ती मी माझ्या घराच्या अंगणात चौदा महिने दुरुस्त केली. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांचा समुद्राशी संबंध आहे, त्यामुळे बोट म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. पण फायबरची बोट आतून कशी कुजते, हे आपल्या बंदरावरही कामाला येईल.

मी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते. तिथे बझर्ड्स बे नावाचा उपसागर आहे. उन्हाळ्यात रोज दुपारनंतर नैऋत्येचा वारा उठतो आणि पाणी आखूड, उभ्या लाटांनी भरून जातं. अशा पाण्यात लहान बोटींना खरी परीक्षा द्यावी लागते. याच राज्यात 'बोस्टन व्हेलर' नावाची बोट जन्मली. डिक फिशर नावाच्या उद्योजकाला बाल्सा लाकडासारखी हलकी बोट करायची होती. पॉलियुरेथेन फोम त्याच्या हाती लागला, तेव्हा त्याला वाटलं की हेच आपलं कृत्रिम बाल्सा. रे हंट या नामवंत रचनाकारानं तळाचा आकार काढला आणि १९५८ साली तेरा फुटांची पहिली बोट बाजारात आली. १९६१ साली 'लाइफ' मासिकात तिची छायाचित्रं छापली गेली. फिशर बोटीत बसलेला, आणि बोट मधोमध करवतीनं कापली जातेय. कापल्यावर इंजिनाकडचा अर्धा भाग घेऊन तो निघूनही गेला. त्या छायाचित्रांनंतर 'न बुडणारी बोट' ही तिची ओळख कायमची झाली.

तिची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपण साधारण फायबरची बोट बघतो ती एका साच्यातली असते. व्हेलरला दोन साचे. एकात बाहेरचं कवच, दुसऱ्यात आतलं. दोन्ही एकावर एक बसवून घट्ट आवळतात आणि मधल्या पोकळीत द्रवरूप फोम सोडतात. तो फुगतो, पोकळी भरतो आणि दोन्ही कवचांना चिकटून कडक होतो. लाकूड फक्त जिथे स्क्रू पकडायचे आहेत तिथे, प्लायवूडच्या तुकड्यांच्या रूपात आत पुरलेलं असतं. सगळ्यात मोठा तुकडा मागच्या उभ्या भिंतीत, म्हणजे जिला इंजिन टांगतात त्या ट्रान्सममध्ये असतो. बोट बंद झाल्यावर हे लाकूड कुणालाही दिसत नाही. सुदैवानं कंपनीनं प्रत्येक मॉडेलचं, लाकूड कुठे आहे ते दाखवणारं रेखाचित्र काढून ठेवलं आहे. आमच्या धंद्यात पन्नास वर्षांपूर्वीच्या कामाचे कागद इतके नीट सापडले तर आम्ही पेढे वाटू.

माझी बोट १९७८ची, सतरा फुटी वर्गातली, प्रत्यक्षात सोळा फूट सात इंच. अमेरिकेत १९७२च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक बोटीवर बारा अक्षरांचा क्रमांक कोरणं सक्तीचं आहे. त्यावरून कारखाना आणि वर्ष कळतं. ती एका घरामागे झाडाखाली नऊ वर्षं उघड्यावर पडली होती. दीड हजार डॉलरला इंजिनासकट मिळाली. इंजिन अर्थात भंगारात गेलं. नवी बोट घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला मासेमारीचं वेड लागलं होतं. पुढेमागे ती एकटी बोट घेऊन जाणार, हे मला दिसत होतं. त्यामुळे 'चालेल एवढी दुरुस्ती' हा पर्याय माझ्यापुढे नव्हता.

पहिलं काम वजन. इंजिन उतरवलं, बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली, नंतर रिकामा ट्रेलर नेला. वजाबाकी केली. या बोटीचं मूळ वजन साधारण ४१० किलो. काट्यावर आली ५३० किलो. म्हणजे सुमारे १२० किलो पाणी फोममध्ये आणि लाकडात मुरलेलं. दोन माणसं कायमची बोटीच्या पोटात झोपून आहेत, असा त्याचा अर्थ. न बुडण्याची हमी ज्या फोममुळे, तोच फोम पाणी पिऊन बसला होता. त्यात आमच्याकडची थंडी. ते पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि फोमची कवचाशी असलेली पकड तोडतं. पुढच्या वर्षी त्या फटीत आणखी पाणी.

दुसरी परीक्षा कानाची. शेजारी एक पोर्तुगीज वंशाचे निवृत्त मच्छीमार राहतात. न्यू बेडफर्ड बंदरात त्यांचा जन्म गेला. त्यांनी प्लॅस्टिकच्या तोंडाची हातोडी घेऊन बोट इंच-इंच ठोकून दाखवली. जिथे सगळं घट्ट, तिथे आवाज कडक येतो. जिथे आत कुजलंय, तिथे पिकलेल्या फणसावर टिचकी मारावी तसा बद्द आवाज येतो. पुढचे दोन तृतीयांश अंग कडक निघालं. मागचा भाग सगळा बद्द. मग ट्रान्समला आतल्या बाजूनं तीन मिलिमीटरची चार भोकं पाडली. ड्रिलच्या पात्यावर कोरडा, पिवळसर भुसा यायला हवा. आमच्या पात्यावर काळा, ओला चिखल आला, त्याला शेवाळलेल्या पिंपासारखा वास.

मग आलं ते मुख्य शोधकाम. पाणी शिरलं कुठून? फायबरच्या कवचाला कुठेही तडा नव्हता. मी बोटीवरची भोकं मोजली. आधीच्या मालकांनी वेळोवेळी बसवलेले आणि काढलेले मासेशोधक यंत्राचे कंस, गळकाठीचे धारक, शिडी, दिवे, पंप. एकूण १३७ भोकं. त्यातली एकवीस पाण्याच्या पातळीखाली किंवा मागच्या हौदात, जिथे पाणी साचून राहतं. स्क्रू नुसते पिळून बसवलेले. पेन्सिलीएवढंही नसलेलं भोक, त्यातून दिवसाला चार थेंब, आणि चाळीस वर्षं. ही बोट वादळानं खराब केली नव्हती. ती स्क्रूनं खराब झाली होती.

दुरुस्तीचं वर्णन थोडक्यात करते. ट्रान्समचं आतलं कवच कडेला चार बोटं ठेवून कापलं आणि अखंड बाजूला काढलं. बाहेरचं कवच तसंच ठेवलं, म्हणजे मूळ आकार हलत नाही. कुजलेलं लाकूड पटाशीनं आणि शेवटी चक्क हातानं उपसलं. ओला फोम कोरडा लागेपर्यंत खोदला, मग बोट तंबूखाली पंखे लावून सात आठवडे वाळवली. हे वाळवणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओल्या अंगावर घातलेलं फायबर धरत नाही.

नवीन लाकूड मरीन प्लायवूडचं, दोन थर एकमेकांना इपॉक्सीनं चिकटवलेले. बसवण्याआधी प्रत्येक कडेला इपॉक्सी तीनदा पाजली, कारण प्लायवूड पाणी पितं ते कडेनं. चिकटवताना शिकंजे खूप आवळायचे नाहीत. फार दाबलं तर गोंद बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. जुन्या कवचाची कड एकास बारा या प्रमाणात उतरती घासली, म्हणजे पाच मिलिमीटर जाडीला साठ मिलिमीटर उतार. जुन्या, कडक झालेल्या फायबरशी नव्या थराचं रासायनिक नातं जुळत नाही. तो फक्त खरवडलेल्या पृष्ठभागाला धरून बसतो, म्हणून पृष्ठभाग जितका जास्त तितकी पकड जास्त. इपॉक्सी एकाच भांड्यात जास्त कालवली तर स्वतःच्या उष्णतेनं धुमसायला लागते, म्हणून थोडी-थोडी करायची आणि पसरट ट्रेमध्ये ओतायची. आणि घासताना पूर्ण मास्क, चष्मा, अंगभर झगा. काचेचा तो भुगा कातडीत गेला की आठवडाभर खाज थांबत नाही, फुप्फुसात गेला तर विचारूच नका.

यानंतर रिगिंग. शिडाच्या जमान्यात या शब्दाचा अर्थ डोलकाठी, दोर, शिडं असा होता. आता त्यात इंजिन, सुकाणूची केबल, इंधनाची टाकी, वायरिंग, पंप हे सगळं येतं. इथे माझा एकच नियम होता: कुठलाही स्क्रू लाकडाला शिवणार नाही. त्याची पद्धत सोपी आहे. हवं त्यापेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं पूर्ण भरायचं, ती कडक झाली की तिच्या मधोमध स्क्रूच्या मापाचं भोक पाडायचं. आता स्क्रूभोवती इपॉक्सीची नळी तयार झाली. उद्या वरचं सीलंट म्हातारं झालं, पाणी शिरलं, तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही. एका भोकाला दोन दिवस जातात. जुनी १३७ बुजवली आणि नवी फक्त ३४ पाडली. प्रत्येक नव्या भोकाआधी आम्ही मायलेकी वाद घालायचो, की ही वस्तू खरंच हवी आहे का. कप ठेवायचा कंस त्या वादात हरला.

इंजिन सत्तर अश्वशक्तीचं, सेकंडहँड, सुमारे ११५ किलोचं. ते अर्ध्या इंची चार बोल्टांवर टांगलेलं असतं आणि बोट लाटेवरून आपटते तेव्हा ते सगळं वजन तरफेसारखं ट्रान्समला ओढतं. म्हणून कुजलेल्या ट्रान्समला घाबरायचं. वायरिंगमध्ये मुख्य फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत बसवला, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर वापरली, कारण साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं. आणि चालकाच्या अंगाला अडकवायची ती लाल दोरी. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. अमेरिकेत लहान बोटींवर जिथे ही सोय आहे तिथे ती लावणं १ एप्रिल २०२१पासून कायद्यानं बंधनकारक आहे. आमच्या घरात ती दोरी न लावता चावी मिळत नाही.

पाण्यात टाकण्याआधी पुन्हा वजन केलं. नुसती बोट ४३० किलो. मग धक्क्याला बांधून माझी मुलगी, नवरा आणि मी, तिघं आत बसलो आणि मुलीनं तळाचं बूच काढलं. पाणी भसाभस आलं, घोट्यापर्यंत चढलं, आणि थांबलं. आम्ही पंधरा मिनिटं तसेच बसून राहिलो. शेजारचे आजोबा धक्क्यावरून बघत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त घड्याळ बघून मान हलवली. त्या उन्हाळ्यात मुलीनं पहिला स्ट्राइप्ड बास धरला. तो एकतीस इंचांपेक्षा मोठा होता, आणि तिकडच्या नियमात बसायला मासा अठ्ठावीस ते एकतीस इंचच हवा. म्हणून तिनं तो सोडून दिला. फोटो मात्र आहे, जेवताना दाखवीन.

आता आपल्या बंदराबद्दल. आपल्या लहानपणी इथल्या होड्या लाकडी होत्या. दर पावसाळ्यात त्या वर ओढल्या जायच्या, फटीत कापूस ठोकला जायचा, तेल पाजलं जायचं. लाकूड दिसत होतं, म्हणून त्याची काळजी घेतली जात होती. आज बहुतेक लहान बोटी फायबरच्या आहेत. फायबर कुजत नाही असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. पण ज्या बोटींच्या मागच्या भिंतीत प्लायवूड आहे, ते प्लायवूड कुजतं, आणि ते कुणाला दिसत नाही. काल सकाळी मी धक्क्यावर फेरी मारली. नुसते पिळलेले स्क्रू भरपूर दिसले. तेव्हा तीन गोष्टी सांगते, पैसे लागत नाहीत. बोट वर ओढली की मागची भिंत हातोडीनं ठोकून आवाज ऐका. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर भार द्या आणि भिंत लवते का बघा. आणि काढलेल्या प्रत्येक स्क्रूचं भोक त्याच दिवशी बुजवा, 'नंतर बघू' म्हणू नका. कारण बोटीवर घरातलं कुणीतरी जात असतं.

शेवटचं. आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण असायचं. शिवण मला उपयोगी पडलं. काचेचं कापड बेतून कापताना आठवण आली. पण पटाशी हातात धरायला मला वयाची बेचाळिशी उजाडली. म्हणून माझ्या तुकडीतर्फे शाळेला एक हत्यारांची पेटी देत आहोत. त्यात पटाश्या, ड्रिल, शिकंजे, ती हातोडी आणि ओल मोजायचं यंत्र आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, पेटी मुलामुलींना सारखीच वापरता येईल. पुढच्या डिसेंबरमध्ये मी पुन्हा येणार आहे. तेव्हा नववीच्या वर्गाला घेऊन चार दिवस बंदरावर बसू. ज्यांना आपली बोट तपासून घ्यायची असेल त्यांनी ती वर ओढून ठेवावी. इपॉक्सी मी आणते, चहा तुमचा.