आधी कणा, मग वेग



मैदानावर खेळाडू कोसळला की सर्वांची दृष्टी त्याच्या दुखावलेल्या अवयवाकडे वळते. गुडघा मुरगळला, मांडीचा स्नायू ताणला गेला, कंबर धरली, असे निदान होते आणि उपचारही तेवढ्यापुरतेच होतात. परंतु जेथे दुखते तेथेच दोष असतो, असे नाही. फांदी मोडते तेव्हा कधी कधी कीड बुंध्याला लागलेली असते. मानवी देहाचा हा बुंधा म्हणजे पोट, पाठ, कंबर आणि नितंब यांचे स्नायू. क्रीडाशास्त्रात त्याला ‘कोअर’ म्हणतात. आपण त्याला शरीराचा गाभा म्हणू.

या गाभ्याची रचना एखाद्या पेटीसारखी आहे. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढे आणि बाजूंना पोटाचे थर, मागे कण्याला बिलगलेले लहान-मोठे स्नायू. या पेटीचे मुख्य कार्य हालचाल करण्याचे नसून हालचाल चालू असताना कणा स्थिर राखण्याचे आहे. स्नायूंचा आधार काढून घेतला तर नुसती हाडे आणि अस्थिबंध असलेला कमरेचा कणा सुमारे ९० न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलो भाराखालीच कलतो, असे प्रयोगशाळेतील मापनांत आढळले आहे. मग शेकडो किलोंचा भार पेलणारा पहिलवान उभा राहतो तो कशाच्या बळावर? अर्थातच स्नायूंच्या आणि त्यांच्यातील शिस्तीच्या बळावर.

शिस्त हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू हाताच्या स्नायूच्याही आधी आवळला जातो. आधी पाया सावरतो, मग हात उठतो. कंबरदुखी असलेल्यांत मात्र हा स्नायू उशिरा जागा होतो. म्हणजे प्रश्न केवळ ताकदीचा नाही, वेळेवर सज्ज होण्याचाही आहे. पुढे २००७ साली अमेरिकेतील २७७ महाविद्यालयीन खेळाडूंचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धड अचानक ढकलले गेले असता ज्या मुलींना ते चटकन सावरता आले नाही, त्यांना पुढे गुडघ्याच्या दुखापतीचा धोका अधिक असल्याचे त्यात दिसले. दुखावला गुडघा, पण त्याची पूर्वसूचना धडाने दिली होती.

क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजी हे याचे सर्वांना परिचित उदाहरण. चेंडू सोडताना पुढचे पाऊल जमिनीवर आदळते, तेव्हा देहाच्या वजनाच्या कित्येक पट धक्का वर चढतो. त्याच क्षणी कणा मागे, बाजूला आणि पिळत वळतो. हे चेंडूमागून चेंडू घडते. परिणामी कमरेच्या मणक्यात सूक्ष्म तडा जातो. त्यालाच ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. उजव्या हाताच्या गोलंदाजात तो बहुधा डाव्या बाजूला आढळतो. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३ साली याच व्याधीने खेळापासून दूर झाला आणि दीर्घ परिश्रमांनंतर १९७४-७५च्या मोसमात परतला. आपला जसप्रीत बुमराह २०१९ साली याच दुखण्याने थांबला. २०२२च्या टी-२० विश्वचषकाला मुकला. मार्च २०२३मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. तो परतला आणि २०२४च्या विश्वविजयात स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही जानेवारी २०२५मध्ये सिडनीत पाठीने पुन्हा डोके वर काढले.

बुमराहच्या व्यायामात कसूर होती, असे कोणी म्हणणार नाही. यातून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. गाभ्याचे बळ ही जादूची कवचकुंडले नव्हेत. भार, विश्रांती, झोप आणि गोलंदाजीची शैली यांचा हिशेब चुकला, तर बळकट कणाही थकतो. प्रगत प्रशिक्षण आणि वैद्यकीय सेवा लाभलेल्या खेळाडूची ही कथा, तर हाडे अद्याप परिपक्व न झालेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची काय? सकाळी शाळेचा संघ, दुपारी शिबिर, रविवारी क्लबचा सामना. त्याने टाकलेल्या चेंडूंची एकत्र मोजदाद कोणाकडेच नसते.

प्रतिबंध शक्य आहे, याचे उत्तम प्रमाण नॉर्वेने दिले. तेथील १२५ फुटबॉल क्लबांतील १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर झालेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून काही अधिक मुलींनी सरावापूर्वी सुमारे वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम केला: धावणे, धड स्थिर राखणे, तोल सांभाळणे, उडी मारून योग्य रीतीने उतरणे. त्यांच्यातील एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने, तर गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. महागडे यंत्र एकही नव्हते. हवी होती ती केवळ नियमितता.

महाराष्ट्राला हा विषय अगदीच नवा नाही. बाळंभट्टदादा देवधरांनी जोपासलेला मल्लखांब, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी घरोघरी नेण्याचा ध्यास घेतलेला सूर्यनमस्कार, तालमीतील जोर, या सर्वांत धड सावरण्याचे शिक्षण आहे. मात्र वारशाचा अभिमान बाळगताना विवेक सोडू नये. ज्याची पाठ आधीच दुखते आहे, त्याच्याकडून कणा मागे वाकवणाऱ्या क्रिया करवून घेणे घातक ठरू शकते. तसेच पोटावर ‘सिक्स पॅक’ उमटले म्हणजे गाभा स्थिर झाला, हाही भ्रमच होय.

कॅनडातील कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम कोणत्याही घरात सतरंजीवर करता येतात. पहिला, उताणे झोपून एक गुडघा दुमडावा, तळहात कमरेखाली ठेवावेत आणि कंबर न हलवता डोके व खांदे किंचित उचलावेत. दुसरा, कुशीवर होऊन कोपराच्या आधारे धड सरळ उचलून धरावे. तिसरा, हात आणि गुडघ्यांवर ओणवे होऊन एक हात व विरुद्ध बाजूचा पाय ताठ करावा. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद धरावी, श्वास मात्र रोखू नये. संख्या वाढवण्याआधी नेमकेपणा साधावा.

शेवटी पालक आणि प्रशिक्षक यांना एक कळकळीची विनंती. किशोरवयीन गोलंदाजाच्या कमरेत एका बाजूला दुखू लागले आणि गोलंदाजी करताना वा मागे वाकताना ते वाढले, तर त्याची गोलंदाजी त्याच दिवशी थांबवावी आणि त्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे. साध्या क्ष-किरण चित्रात आरंभीचा तडा अनेकदा दिसत नाही. एमआरआय तपासणीत तो लवकर कळू शकतो. वेदना लपवणे म्हणजे शौर्य, हा संस्कार मुलांवर करू नये. दुखते आहे असे निःसंकोच सांगण्यालाही धैर्य लागते आणि त्या धैर्याचा मान राखणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. एक सामना हुकला तर पुढचा मिळतो. कण्याच्या बाबतीत मात्र तशी खात्री नसते.